आधी तेल, मग फेस!

राणीसावरगावहून गंगाखेडला कॉलेजला जायचं म्हणजे एसटी, नाहीतर दुचाकी. वर परभणीचं ऊन! सनस्क्रीन लावा, स्कार्फ गुंडाळा, तरी संध्याकाळी रुमालाने कपाळ पुसलं की रुमाल काळा. त्यात चेहऱ्यावर चार पिंपल दिसले की मावशी विचारणारच, ‘तोंड नीट धुतेस ना गं?’

रील्सवर यावर एकच उत्तर मिळतं, ‘डबल क्लिन्झिंग’. म्हणजे दोन टप्प्यांत चेहरा धुणं. पण पॉकेटमनी खर्च करण्याआधी ही भानगड समजून घ्या.

दोन टप्पे कशाला?

गाडीची चेन बसवल्यावर हाताला लागलेलं ग्रीस नुसत्या पाण्याने निघतं का? नाही ना! थोडं तेल चोळलं की सुटतं. चेहऱ्याचंही तसंच आहे. वॉटरप्रूफ सनस्क्रीन, काजळ, लिपस्टिक आणि त्वचेचा स्वतःचा तेलकटपणा तेलात विरघळतो. घाम आणि धूळ पाण्यासोबत निघून जाते.

म्हणून आधी कोरड्या हातांनी, कोरड्या चेहऱ्यावर क्लिन्झिंग ऑइल किंवा बाम मिनिटभर हलकेच फिरवायचं. मग थोडं पाणी लावायचं. ते दुधासारखं पांढरं झालं की धुऊन टाकायचं. त्यानंतर सौम्य फेसवॉश. झालं!

जपानी मेकअप आर्टिस्ट शू उएमुरा यांनी 1967 मध्ये असं ऑइल बाजारात आणलं. पुढे कोरियन ब्युटीच्या लाटेत ही पद्धत जगभर पोहोचली. पण आपल्याला यात नवीन काय? दिवाळीच्या पहाटे आई आधी तेल चोळते, मग उटणं लावते, क्रम तोच की! गॅदरिंगमध्ये नाटक झाल्यावर चेहऱ्याचा रंग काढायलाही खोबरेलच लागतं.

मग खोबरेलच वापरू?

इथे जरा थांबा. क्लिन्झिंग ऑइलमध्ये तेल आणि पाणी एकत्र आणणारा घटक असतो, म्हणून ते पाण्याने सहज निघतं. खोबरेल तसं निघत नाही. ते चेहऱ्यावर राहिलं तर रंध्रं बुजू शकतात. पिंपल येणाऱ्यांनी ते टाळलेलंच बरं.

तुम्हाला गरज आहे का?

मेकअप किंवा वॉटरप्रूफ सनस्क्रीन लावत असाल, तर संध्याकाळी एकदा करा. नुसता घाम आणि धूळ असेल, तर एक सौम्य फेसवॉश पुरेसा आहे. सकाळी तर दोन टप्प्यांची गरजच नाही. चेहरा ओढल्यासारखा, कोरडा वाटू लागला तर समजा, धुणं जास्त होतंय. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात हे पाणी वाचलेलंही चांगलंच.

अंगाचा साबण मात्र चेहऱ्यापासून लांब ठेवा. त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास असतो, तर नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. त्यात बोअरचं पाणी क्षाराचं असलं की साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट थर त्वचेवर राहतो.

पिंपल म्हणजे घाण नव्हे

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. पिंपल अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वयात येताना हार्मोन्स बदलतात, तैलग्रंथी जास्त काम करतात, रंध्रं बंद होतात आणि तिथे जिवाणू वाढतात. यात तुमचा काहीच दोष नाही. मुलांनो, हे तुम्हालाही लागू आहे. खसाखसा घासल्याने पिंपल जात नाहीत, उलट लाल होऊन चिघळतात. लिंबू आणि टूथपेस्टचे प्रयोगही नकोत.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. ‘एक पिंपलची ट्यूब द्या’ म्हणून मेडिकलमधून काहीही आणू नका. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. आठवडाभर चेहरा उजळ दिसेलही, पण जास्त दिवस लावलं तर त्वचा पातळ होते, पिंपल वाढतात आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही किंवा डाग, खड्डे पडू लागले, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

बाकी, महागड्या बाटल्यांचा सेट नसला म्हणून तुमचं काही अडलेलं नाही. स्वच्छ हात, सौम्य फेसवॉश आणि घासाघाशीला सुट्टी, एवढं आजपासून जमेल ना?