गोचीड नखाने चिरडू नका!

गाय धुताना कासेजवळ, कानात, शेपटीखाली गोचिडांचा झुपका दिसला की आपण काय करतो? ओढून काढतो अन् दगडावर, नाहीतर नखानेच चिरडतो. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्यात जा, रीत हीच. ती आता सोडायला हवी.

जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावची एक महिला तापाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केले : क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. सप्टेंबर 2020 मध्ये गुजरातेत रुग्ण आढळल्यावर शेजारच्या पालघर जिल्हा प्रशासनानेही सावधगिरीचा इशारा दिला होता. गुरांची ने-आण जिल्ह्याची सीमा पाहून होत नाही, म्हणून हे आपणही जाणून घ्यावे.

हा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडातून पसरतो. प्रत्येक गोचिडात तो असतोच असे नाही. पण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. गोचीड चावल्याने, चिरडलेल्या गोचिडाचे रक्त जखमेला लागल्याने, किंवा बाधित जनावराच्या रक्तामांसाशी संबंध आल्याने माणसाला लागण होते. रुग्णाच्या रक्तातूनही तो पसरतो. कठीण गोष्ट अशी की जनावर ठणठणीत दिसते, चारा खाते, अन् तरी आठवडाभर त्याच्या रक्तात विषाणू राहू शकतो.

माणसाला मात्र एकाएकी जोराचा ताप, अंगदुखी, डोकेदुखी, उलट्या होतात. पुढे हिरड्यांतून, नाकातून रक्त येते, अंगावर लाल-काळे डाग पडतात. शंभरात दहा ते चाळीस रुग्ण दगावतात.

मग करायचे काय? गोचीड काढताना हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा. काढलेले गोचीड रॉकेलच्या डब्यात टाका. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवा, चुना मारा. गोचीड तिथेच अंडी घालते. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच वापरा. कपाशीवरचे फवारणीचे औषध जनावराच्या अंगावर मारू नका, जनावर जिवानिशी जाईल. बाजारातून आणलेले जनावर दोन आठवडे वेगळे बांधा.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनाही विनंती. एकाच गोठ्यात फवारणी करून भागत नाही. शेजारच्या गोठ्यातले गोचीड परत येते. पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून साऱ्या गावची गुरे एकाच दिवशी घ्या.

आणि ताप आलाच तर अंगावर काढू नका. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा : "गोचीड चावले होते," "गुरांचे गोचीड काढले होते." एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते, अन् तपासणाऱ्या डॉक्टरचा, नर्सबाईंचा जीवही सांभाळला जातो.