खोलीही वाजते

मुळशी तालुक्यात गाणं ऐकण्याच्या खोल्या दोन टोकांच्या आहेत. बावधन-हिंजवडीकडे गुळगुळीत फरशीचे, काँक्रीटच्या भिंतींचे हॉल; धरणाच्या अंगाला मोठ्या काचांचे, कुठे पत्र्याच्या छपराचे बंगले. एकच स्पीकरची जोडी दोन्हीकडे वेगळी वाजते आणि श्रेय किंवा दोष मात्र स्पीकरच्या माथी जातो. मला हा अन्याय वाटतो.

16 फूट लांब, 12 फूट रुंद, 10 फूट उंच असा रिकामा हॉल घ्या. त्यात आवाज 60 डेसिबलनं उतरायला साधारण तीन सेकंद लागतात. द्रुत तान असली की एक स्वर विरायच्या आत पुढचे कितीतरी त्याच्यावर येऊन पडतात. हे गणित भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांचं. 1895 पासून हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात नाट्यगृहातल्या गाद्या आणून ते मोजमापं घेत राहिले. उघडी खिडकी हे त्यांचं शोषणाचं माप, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. सोफा, गालिचा, जाड पडदे, भरलेली पुस्तकांची कपाटं आली की तोच काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. काटेकोर श्रवणचाचण्यांसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस आणखी कडक आहे: 100 घनमीटरच्या खोलीला पाव सेकंद.

खर्जापुढे मात्र पडदे हरतात. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर 69 हर्ट्झच्या जवळ असतो. 16 फुटांच्या लांबीत 70 हर्ट्झच्या आसपासची लहर नेमकी मावते आणि समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठाण मांडते. मग भिंतीलगत आणि खोलीच्या मध्यावर तो स्वर फुगतो. भिंतीपासून चार फुटांवर खुर्ची ठेवली तर जवळजवळ नाहीसा होतो. डग्ग्याचा घुमाराही असाच जागेनुसार बदलतो. या खुर्चीत बसून ‘स्पीकरला बेस नाही’ म्हणणाऱ्याचा कान खोटं बोलत नाही, पण निकाल चुकतो. नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी खुर्ची दोन फूट पुढे-मागे सरकवून पाहावी. त्याला पैसे लागत नाहीत.

दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्ही एकाच जागी उभे राहिले पाहिजेत आणि आवाजाची पातळीही सारखी हवी, कारण किंचित मोठा वाजणारा बहुधा सरस वाटतो. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये याच्याही पुढचं दाखवलं: स्पीकर डोळ्यांना दिसत असला की त्याच श्रोत्यांची पसंती बदलते. म्हणून हरमन या ऑडिओ कंपनीच्या प्रयोगशाळेत पडद्याआड यंत्रानं स्पीकर सरकवून प्रत्येकाला त्याच जागी आणत.

ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. पत्र्यावर सरी कोसळत असताना तंबोऱ्याच्या झंकाराचं शेवटचं टोक ऐकूच येत नाही; आवाज वाढवावा, तर खोलीचा घुमारा आणि दारा-खिडक्यांची थरथर वाढते. दोन ॲम्प्लिफायरमधला बारीक फरक तिथे हिवाळ्यातल्या रात्री, पंखा बंद करून तपासावा.