गिझर बंद, तरी थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी? कारण पाईपातच दडलेले असते

रामपायली (जि. बालाघाट) : उन्हाळा लागला की वारासिवनी तहसीलातल्या गावागावांत एकच तक्रार ऐकू येते. नळ उघडला की हात भाजेल असे पाणी येते. चंदन नदीकाठच्या रामपायलीतही आता घराघरांच्या स्लॅबवर काळ्या टाक्या दिसतात. दुपारी टाकी तापणार, हे कोणालाही समजते. पण रात्री दहा वाजताही थंड पाण्याच्या नळाला कोमट पाणी येत असेल, किंवा हिवाळ्यात गिझरचे बटण बंद असताना पाणी तापत असेल, तर दोष उन्हाचा नाही. तो पाण्याच्या जोडणीत शोधावा लागतो.

वसतिगृह, लॉज, दवाखाना, मंगल कार्यालय अशा मोठ्या इमारतींत हा प्रकार जास्त होतो. तिथे गरम पाणी पाईपातून सतत फिरवत ठेवतात, म्हणजे शेवटच्या खोलीतही नळ उघडताच गरम पाणी मिळते. टाकीतून निघालेले पाणी मजल्यांवरून फिरून छोट्या पंपाच्या जोरावर परत टाकीत येते. या फेऱ्यात कुठे चूक राहिली की नको तिथे पाणी तापते.

पाणी कधी तापते, यावरून कारण ओळखा

फक्त दुपारी आणि बराच वेळ गरम पाणी येत असेल तर टाकी उन्हात तापलेली आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एवढ्या उन्हात काळी टाकी तापणार नाही तर काय होणार!

नळ उघडल्यावर पहिली बादलीभर पाणी गरम आणि मग थंड, असे होत असेल तर टाकी ठीक आहे, स्लॅबवरचा उघडा पाईप तापला आहे. एक इंची पाईपच्या तीस फुटांत साडेचार लिटरच्या आसपास पाणी मावते. तेवढे निघून गेले की खालचे थंड पाणी येते.

दिवसरात्र, ऋतू कोणताही असो, थंड नळाला कोमट पाणी येत असेल तर संशय मिक्सरवर घ्यावा. मिक्सर नळात गरम आणि थंड पाणी एकत्र येते. आतला वायसर झिजला, किंवा हँडशॉवरचे बटण दाबून बंद केले पण मिक्सरचे दोन्ही कॉक उघडेच राहिले, तर ज्या बाजूला दाब जास्त तिकडून पाणी दुसऱ्या बाजूच्या पाईपात शिरते. एका खोलीतला बिघडलेला मिक्सर शेजारच्या खोल्यांचेही पाणी तापवू शकतो. सोलरच्या किंवा गिझरच्या थंड पाण्याच्या पाईपावर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, नसेल तरी गरम पाणी उलटे येते.

पंपही पाणी तापवतो

हे कारण प्लंबरच्याही लवकर लक्षात येत नाही. पंपाला दिलेली वीज शेवटी उष्णताच होते. एक युनिट विजेने हजार लिटर पाणी जेमतेम एक अंशाने तापते, म्हणून एरवी ते जाणवत नाही. पण रात्री कोणी नळच उघडला नाही आणि तेच ३०० लिटर पाणी एक हॉर्सपॉवरचा पंप गोल गोल फिरवत राहिला, तर सगळी उष्णता पाण्यातच गेली असे धरले तर तासाला दोन अंश वाढ होते. सहा तासांत बारा अंश! पाईपातून काही उष्णता बाहेर जाते, तरी सकाळी फरक हाताला कळतो.

पुढचा व्हॉल्व्ह बंद आणि पंप सुरू, ही त्याहून वाईट स्थिती. तेव्हा पंपाच्या पोटातले चार-पाच लिटर पाणीच घुसळले जाते. ते काही मिनिटांत चांगलेच तापते, पंपाचे सील जळते आणि जवळचा प्लास्टिक पाईप मऊ पडतो. साधा यूपीव्हीसी पाईप थंड पाण्यासाठीच असतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो.

नुसती गैरसोय नाही

६० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत कातडी गंभीर भाजते, लहान लेकरांची त्याहून लवकर. आणि सतत कोमट राहिलेले पाणी वेगळ्याच कारणाने धोक्याचे. लेजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका हॉटेलातल्या संमेलनानंतर अशी साथ पसरली आणि ३४ जण दगावले. जिवाणू ओळखू आला तो १९७७ मध्ये. म्हातारी माणसे, बिडी-सिगारेट ओढणारे आणि आधीच आजारी असलेले यांना धोका जास्त. म्हणून दवाखाना आणि वसतिगृहाने याकडे दुर्लक्ष करू नये.

काय करावे?

- गिझर किंवा सोलरला जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा आणि फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. पाईपातले उरलेले पाणी संपल्यावरही धार चालूच राहिली, तर कुठेतरी थंड आणि गरम लाईन एकमेकींना मिळाल्या आहेत. एकेका खोलीचे कॉक बंद करत गेले की दोषी मिक्सर सापडतो. तपासणी होईपर्यंत गिझरची वीज बंदच ठेवा.
- फिरता पंप एक रात्र बंद ठेवा. सकाळी पाणी तापलेले नसेल तर चोर सापडला. मग पंपाला टायमर लावा किंवा कमी ताकदीचा पंप बसवा.
- थंड आणि गरम पाईप भिंतीत चिकटून नेऊ नका. गरम पाईपाला फोमचे आवरण घाला.
- स्लॅबवरच्या टाकीला सावली करा, पाईपाला पांढरा रंग द्या.
- साठवलेले गरम पाणी ६० अंशांवर ठेवा, पण आंघोळीला थंड पाणी मिसळूनच घ्या. बंद राहिलेल्या खोलीचे नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटे वाहू द्या.

नवे घर बांधणाऱ्यांनी प्लास्टर चढण्याआधीच प्लंबरला विचारून घ्यावे की एनआरव्ही कुठे बसवला. नंतर तो शोधायला टाईल्स फोडाव्या लागतात.