रुजू होताना कागदपत्रे अपुरी असल्यास

नव्याने रुजू होणारे काही कर्मचारी आवश्यक कागदपत्रे वेळेत सादर करीत नाहीत. त्याबद्दल नोटीस बजावणे सोपे असते. परंतु पसरणी घाट चढून पाचगणीस स्थायिक होण्यास तयार असलेल्या परिचारिका मोजक्याच मिळतात. म्हणून आम्ही प्रथम कारण जाणून घेतो. कुणाची मूळ प्रमाणपत्रे पूर्वीच्या संस्थेत अडकलेली असतात, कुणाच्या आधारपत्रावर विवाहापूर्वीचे नाव असते, तर परराज्यातून आलेल्या भगिनीची येथील नोंदणी व्हावयाची असते.

कागदपत्रांचे आम्ही दोन भाग करतो. पहिला भाग महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या वैध नोंदणीचा. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यान्वये होणाऱ्या या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ती नसल्यास, मनुष्यबळ कितीही अपुरे असले तरी, परिचारिकेची जबाबदारी सोपविली जात नाही. रात्रपाळीतील रुग्ण स्वतः प्रमाणपत्र तपासू शकत नाही. त्याच्या वतीने ते तपासणे विश्वस्तांचे कर्तव्य ठरते.

पॅन, बँक खाते, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन व कार्यमुक्तीपत्र हा दुसरा भाग. यांसाठी लेखी मुदत देऊन आमचे कार्यालय पत्रव्यवहारास साहाय्य करते. केलेल्या कामाचे वेतन मात्र रोखले जात नाही. मूळ प्रमाणपत्रे पडताळून त्याच दिवशी परत केली जातात. मुदतीनंतरही सबळ कारण न दिल्यास नियुक्तीचा फेरविचार होतो.

नव्या सहकाऱ्यांनी अडचण न लपविता पहिल्याच दिवशी सांगावी, ही नम्र विनंती.