अठरा ते पंचवीस : येडगावात बसून प्रेमकादंबरी लिहायची तर

विशीतल्या मुलामुलींची प्रेमकादंबरी लिहायची आणि प्रकाशकाच्या होकाराची वाट न बघता स्वतःच बाहेर काढायची, हे ठरवायला आज पुण्यात राहावं लागत नाही. नारायणगावजवळ येडगावात, कुकडीवरच्या धरणाच्या काठी बसूनही ते जमतं. मोबाइलला रेंज असली म्हणजे झालं. अडतं ते दुसरीकडे. या प्रकाराचा जो साचा इंग्रजीतून आलाय, त्यातली पोरं घर सोडून गेलेली असतात आणि घर त्यांना विचारायला येत नाही. आपल्याकडची त्या वयाची पोरं पुण्याला रूम करून राहतात, तेव्हा घर रोज रात्री फोन करतं. हा फरक ज्याने ओळखला, त्याची निम्मी कादंबरी लिहून झाली असं मला वाटतं. बाकीची निम्मी कष्टाची आहे, तिच्याबद्दलही पुढे आहेच.

साचा आला कुठून

'न्यू अ‍ॅडल्ट' हे नाव २००९ सालचं. अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने एका स्पर्धेसाठी ते वापरलं. किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांसारखीच, पण अठरा ओलांडलेल्या पात्रांची गोष्ट त्यांना हवी होती. शाळा संपलेली, संसार लागलेला नाही, नोकरी असली तर कच्ची, असं हे वय. ढोबळमानाने अठरा ते पंचवीस.

नाव प्रकाशकाने दिलं, पण प्रकार चालवला तो स्वतःची पुस्तकं स्वतः काढणाऱ्या बायकांनी. जेमी मग्वायर हिने 'ब्यूटिफुल डिझास्टर' २०११ साली स्वतः प्रकाशित केली. कॉलीन हूवर टेक्सासमध्ये समाजकार्याची नोकरी करत होती, नवरा लांबपल्ल्याचा ट्रक चालवायचा. तिने 'स्लॅम्ड' जानेवारी २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनवर चढवली. त्याच वर्षी ती न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत गेली आणि मग मोठा प्रकाशक दारात आला. वाचक आधी आणि प्रकाशक नंतर, हा उलटा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

'स्लॅम्ड'ची नायिका अठरा वर्षांची, नायक एकवीसचा. दोघं शेजारी, एकमेकांना आवडलेले, आणि मग कळतं की तो तिच्याच शाळेत शिक्षक आहे. इथे खलनायक लागत नाही, गैरसमजाची चिठ्ठी लागत नाही. परिस्थितीच आडवी येते. हूवरची सगळीच पुस्तकं मला आवडतात असं नाही, पण ही गाठ तिने पक्की मारली आहे.

मराठीत हे वय कुणी लिहिलं

मराठीत हा प्रकार नवीन आहे असं कुणी म्हणालं, तर त्याच्यापुढे तीन पुस्तकं ठेवावीत.

पहिलं 'कळ्यांचे निःश्वास', १९३३. लेखिका विभावरी शिरूरकर, म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या या कथा. मुलीचा पगार घरात येतोय म्हणून तिच्या लग्नाची घाई कुणालाच नाही, ही गोष्ट तोवर मराठीत इतकी सरळ कुणी लिहिली नव्हती. ह. वि. मोटे यांनी पुस्तक काढलं आणि लिहिणारी कोण यावर महाराष्ट्रात काहूर माजलं. वय विशीचं, प्रश्न प्रेमाचा आणि पैशाचा. नाव नव्हतं एवढंच.

दुसरं नेमाड्यांचं 'कोसला', १९६३. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो. वसतिगृह, मेस, घरून येणारे पैसे, त्या पैशांचा हिशेब, बापाशी असलेलं भांडण. गावातून पुण्यात गेलेल्या मुलाचं ते वय याच्याइतकं खरं दुसरीकडे क्वचित सापडेल. पण गंमत अशी की त्यात प्रेमकथा जवळजवळ नाहीच. मराठीतल्या उत्तम लेखकांनी हे वय लिहिताना प्रेमाला बाजूला ठेवलं. प्रेम लिहिलं ते ना. सी. फडक्यांनी, त्यांनी त्याचं तंत्रही 'प्रतिभासाधन'मध्ये मांडलं. पण त्यांच्या नायकाला महिनाअखेरीची चिंता सहसा नसते.

या दोन वाटा एकत्र आणल्या सुहास शिरवळकरांनी. 'दुनियादारी', १९८२. पुण्याचं कॉलेज, कट्टा, श्रेयस, शिरीन, दिग्या, बारमध्ये बसलेला एम. के. आज इंग्रजीत आली असती तर दुकानदाराने ती बिनदिक्कत न्यू अ‍ॅडल्टच्या फळीवर ठेवली असती. प्रेम आहे, मैत्री प्रेमाहून मोठी आहे आणि घरच्यांची सावली सगळ्यावर आहे. समीक्षकांनी शिरवळकरांकडे फारसं पाहिलं नाही. वाचनालयातल्या प्रतींची पानं मात्र सुटून आली. २०१३ मध्ये संजय जाधवांचा सिनेमा आला आणि पुस्तक आलं तेव्हा जी पिढी जन्मलीही नव्हती, तिने ते पुन्हा उचललं.

नवीन लेखकाने शिरवळकरांचा रस्ता नीट पाहावा. 'दुनियादारी'च्या आधी त्यांनी रहस्यकथांचा रतीब घातला होता. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास ही त्यांची त्या दुनियेतली माणसं. प्रकरण कुठे तोडायचं, संवादाने गोष्ट पुढे कशी ढकलायची, वाचकाचं बोट पानावर कसं धरून ठेवायचं, याचा हात तिथे तयार झाला. प्रेमकादंबरीकडे थेट वळणाऱ्याला हे कसब वेगळं शिकावं लागतं. माझा सल्ला असा, की आधी दोन-चार रहस्यकथा लिहाव्यात, छापल्या नाहीत तरी चालेल.

आडवं काय येतं

प्रेमकादंबरी उभी राहते अडथळ्यावर. दोघं एकमेकांना आवडतात हे वाचकाला तिसऱ्या पानावर कळलेलं असतं. मग उरलेली अडीचशे पानं कशावर चालायची? परक्या कादंबऱ्यांतून उचललेला अडथळा इथे फुसका निघतो. जुनी प्रेयसी परत आली, नायकाचं बालपण दुःखाचं होतं, नायिकेने त्याचा मेसेज चुकीचा वाचला. जुन्नर तालुक्यातल्या वाचकाला यातलं काहीच पटत नाही, कारण त्याच्या समोर त्याहून भक्कम अडथळे उभे आहेत.

समजा, येडगावचा एक मुलगा आहे, वय बावीस. पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. मुलगी नारायणगावची, कॉलेज झालेलं, बँकेत कंत्राटी. आता नुसती यादी करून बघा. भाऊ टोमॅटोची कॅरेट भरून मार्केटला नेतो आणि त्या पैशातून याचं भाडं जातं, म्हणजे भाव पडला की याची परीक्षा धोक्यात. दोघांची जात एक नाही. जात एक असली तरी भावकी आडवी येते. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालीय आणि बायोडाट्यातल्या अपेक्षेत 'नोकरदार, शेती असल्यास उत्तम' असं लिहिलंय. याच्याकडे शेती आहे, नोकरी नाही. शेतकरी मुलाला मुलगी द्यायला शेतकरी बापच तयार नाही, हा आजच्या ग्रामीण प्रेमकथेतला सगळ्यात मोठा अडथळा आहे, आणि त्यावर कादंबरी फारशी कुणी लिहीत नाही.

कायदाही कथानक देतो. लग्नाला मुलगी अठराची, मुलगा एकवीसचा लागतो. दोघंही एकोणीसचे असले तर ती कायद्याने तयार आणि तो नाही. दोन वर्षं थांबायचं कसं, हीच गोष्ट. आणि विशेष विवाह कायदा, १९५४ घ्या. नोंदणीच्या लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावली जाते. कोणीही येऊन वाचावी अशी. ओळखीचा कोण कोण त्या कचेरीत कामाला जातो, कोण वाचेल, कोण फोन लावेल? या तीस दिवसांत अख्खी कादंबरी बसते.

आणि भेटायचं कुठे? हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त प्रेमिक शेतात भेटतात आणि पीक कापणीला आलं की त्यांची जागा जाते म्हणून हळहळतात. सातवाहनांचा नाणेघाट याच तालुक्यात आहे. दोन हजार वर्षांनी कालवे आले, ऊस वाढला, लपायला जागाच जागा झाली, पण आता उसात बिबट्या आहे. जुन्नरच्या लेखकाने ही सोय-गैरसोय वापरली नाही तर नवल.

भाषेचाही इथे फायदा आहे. नारायणगाव ही तमाशाची पेठ. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. सवाल-जवाबात बाई पुरुषाला निरुत्तर करते, ते ऐकत वाढलेल्या वाचकाला मुळूमुळू रडणारी नायिका चालत नाही. तिला तोंड हवं.

किती उघडं लिहायचं

हा प्रश्न नवीन लेखक दबक्या आवाजात विचारतो. उत्तराला इतिहास आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. त्यांच्याच 'नीलांबरी'वर त्याच वर्षी 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला. लेखक एक, वर्ष एक, एका बाजूला न्यायालय आणि दुसऱ्या बाजूला सिनेमागृहाची रांग.

भारतीय दंड संहितेतलं कलम २९२ गेलं, त्याची जागा आता भारतीय न्याय संहितेतल्या २९४ ने घेतली आहे, आणि मजकूर इंटरनेटवर असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहेच. लेखकासाठी व्यवहाराची मर्यादा एवढी : शारीर प्रसंगातली दोन्ही पात्रं अठरा पूर्ण केलेली असावीत आणि वाचकाला ते वय आधीच कळलेलं असावं. बारावीतल्या मुलांची गोष्ट लिहायची असेल तर ती दुसरी कादंबरी आहे. बाकी राहिला चवीचा भाग. माझ्या मते न्यू अ‍ॅडल्टमध्ये रंगतो तो पहिल्यांदा हात हातात घेतानाचा पेच. तो नीट लिहिला तर पुढचं दार उघडं ठेवलं काय आणि लोटून घेतलं काय, वाचक तक्रार करत नाही.

भागाभागाने की एकदम

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच क्रमशः दिली. स्वतःचं पत्र, स्वतःची कादंबरी, दर आठवड्याला वाचक हजर. आजचं प्रतिलिपी हे जवळजवळ तेच आहे. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या या अ‍ॅपवर मराठीत मालिका भागाभागाने टाकता येते आणि प्रतिसाद लगेच येतो. तिथला वाचक पुढच्या भागासाठी भांडतो, नायकाने काय करावं हेही सांगतो. नवशिक्याला ही शाळा चांगली. तोटा असा, की रोजच्या भागाच्या नादात कादंबरीला शेपूट फुटत जातं. साठाव्या भागात नायिकेचं तिसऱ्यांदा अपहरण होतं.

दुसरी वाट किंडलची. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांची ई-पुस्तकं सुरू केली. पुस्तक चढवायला पैसे पडत नाहीत. मानधनाचे दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर सत्तर हवे असतील तर पुस्तक 'सिलेक्ट' योजनेत घालावं लागतं, आणि तिथे नव्वद दिवस ते ई-रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. प्रतिलिपीवर पूर्ण कादंबरी तशीच ठेवून इकडे सिलेक्टची खूण केली की करार मोडला. हे बारीक अक्षरात असतं आणि पुष्कळांच्या लक्षात येत नाही. छापील प्रतीला ही अट नाही, त्यामुळे जत्रेत किंवा ग्रंथप्रदर्शनात टेबल लावायला हरकत नाही.

किरकोळ, पण अडणारं

मजकूर युनिकोडमध्येच लिहा. गावातला डीटीपीवाला श्रीलिपीत टाइप करून देईल. छापायला ते चालतं, पण ई-पुस्तकात अक्षरांची खिचडी होते.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या संस्थेकडे लेखकाला स्वतः अर्ज करता येतो, त्याचे पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावं. किंडलवरच्या पुस्तकाला तो लागतही नाही. छापील पुस्तक काढलं तर मात्र तुम्हीच प्रकाशक ठरता आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवणं तुमच्यावर येतं. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. पहिलं पुस्तक असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पाहून ठेवावी.

नाव कुणाचं घालायचं

छोट्या गावात प्रेमकादंबरी लिहिली की पहिला प्रश्न 'ती मुलगी कोण?' हा येतो. मुलीने लिहिली तर प्रश्न आणखी टोकाचा होतो, आणि तो तिला विचारत नाहीत, तिच्या आईला विचारतात. म्हणून टोपणनाव घेणं यात भित्रेपणा नाही, आणि किंडल, प्रतिलिपी दोन्हीकडे ते चालतं. फक्त किंडलवर खातं उघडताना पॅन आणि बँकेचा तपशील खऱ्या नावाचाच द्यावा लागतो, आणि मानधन जमा झाल्याचा मेसेज त्या खात्याला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर घरात कुणाचा आहे, हे पुस्तक चढवण्याआधी पाहून घ्या.