चाकाचा एक किलो किती किलोंचा?

गाडीच्या शौकिनांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे : चाकाचे वजन एक किलोने कमी केले, की गाडीचे वजन आठ-दहा किलोंनी कमी केल्यासारखा 'पिकअप' वाढतो. या भरवशावर हलक्या चाकांसाठी मोठी रक्कम मोजली जाते. काही जण नेमके उलटे करतात. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मोठी अलॉय चाके बसवून घेतात. या दोन्ही बदलांनी त्वरणावर खरोखर किती परिणाम होतो?

आधी घरी करण्याजोगा एक प्रयोग. लाकडी पाट एका बाजूने उचलून उतार करा. वरच्या टोकाला कॅरमचा स्ट्रायकर आणि एक बांगडी कडेवर उभी धरा आणि एकाच वेळी सोडा. स्ट्रायकर आधी खाली पोहोचेल. दोघांपैकी जड कोण, याच्याशी त्याचा संबंध नाही. बांगडीचे सगळे वस्तुमान कडेला असते, तर स्ट्रायकरचे मध्यापासून कडेपर्यंत पसरलेले. वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितके ते फिरवायला अवघड. या गुणधर्माला 'जडत्व आघूर्ण' म्हणतात. अंतर दुप्पट झाले, की ते चौपट होते.

गाडीच्या चाकाला दोन कामे असतात : पुढे जाणे आणि स्वतःभोवती फिरणे. त्यामुळे इंजिनाला त्याचे वजन दोनदा ओढावे लागते. पण या 'दोनदा'लाही मर्यादा आहे. टायरचा बाहेरचा भाग अक्षाभोवती जास्तीत जास्त गाडीच्याच वेगाने फिरतो. म्हणून तिथल्या एक किलोला फिरवण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याला पुढे नेण्याच्या ऊर्जेइतकीच असते. म्हणजे टायरच्या कडेचा एक किलो फार तर दोन किलोंसारखा वागतो; आठ-दहा किलोंसारखा कधीच नाही. रिम त्याहून आत असल्याने तिचा एक किलो साधारण दीड किलोंइतकाच भरतो.

हे गणित एका खऱ्या गाडीला लावून पाहू. फोर्डच्या 'शेल्बी जीटी३५०आर' या स्पोर्ट्स कारला ऑस्ट्रेलियातील 'कार्बन रेव्होल्यूशन' कंपनीची कार्बन फायबरची १९ इंची चाके दिली होती. त्याच मापाचे अॅल्युमिनियमचे चाक सुमारे १५ किलोंचे, तर हे सुमारे ८ किलोंचे. चार चाकांत मिळून सुमारे २७ किलोंची बचत झाली. दीडपट धरले, तर गाडी सुमारे ४० किलोंनी हलकी झाल्यासारखे. पण मूळ गाडीच साडेसोळाशे किलोंच्या घरात! इंजिनाचा जोर तोच राहिला, तर त्वरणात वाढ होते जेमतेम अडीच टक्के. शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला चार सेकंद लागत असतील, तर त्यातला एक दशांश सेकंद वाचतो. शर्यतीत तो मोलाचा, पण रोजच्या रस्त्यावर जाणवणारही नाही.

मग हलक्या चाकांचा खरा फायदा कुठे? खाचखळग्यांवर. चाकाचा भार स्प्रिंगच्या खाली असतो. तो कमी असला, की खड्ड्यातून वर उसळलेले चाक लवकर रस्त्याला टेकते आणि पकड टिकते.

त्वरणावर वजनापेक्षा मोठा परिणाम चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा होऊ शकतो. टायरसह व्यास ५ टक्क्यांनी वाढला, तर त्याच गिअरमध्ये गाडीला पुढे ढकलणारा जोर सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. सायकलचा गिअर जड केल्यासारखेच हे. म्हणजे महागड्या कार्बन चाकांनी कमावलेले अडीच टक्के गेलेच, शिवाय वर तेवढेच आणखी. क्वचित एखादा गिअर बदलणे वाचले, तर थोडी भरपाई होते, इतकेच. धोका वेगळाच आहे : वेगमापक चाकाच्या फेऱ्यांवरून वेग काढतो. त्यामुळे काट्यावर जुनाच आकडा दिसत असताना गाडी आधीपेक्षा ५ टक्के जास्त वेगाने धावत असते.

रिम मोठी करूनही बाहेरचा व्यास राखता येतो. १९५/६५ आर१५ आणि २२५/४५ आर१७ या दोन्ही टायरांचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटरच भरतो. गिअरचे गणित बिघडत नाही. पण रिमचा धातू अक्षापासून दूर सरकतो, बहुधा वजनही वाढते आणि रबराची भिंत १२७ मिलिमीटरवरून १०१ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा दणका मग थेट रिमला बसण्याची शक्यता वाढते.

म्हणून दुकानात चाक निवडताना चकाकीआधी तीन गोष्टी विचारा : टायरसह बाहेरचा व्यास मूळ चाकाइतकाच आहे ना, एका चाकाचे वजन किती आणि गाडीच्या कंपनीने हे माप मान्य केले आहे का. या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर जुनी चाकेच बरी.