पाचवी-आठवीचं ‘बोर्ड’: इंदुरातले समज आणि वस्तुस्थिती

निकालाच्या दिवशी इंदुरातल्या सरकारी शाळांतल्या मुलांचे आईवडील मोबाइलवर मुलाचा समग्र आयडी, म्हणजे राज्याचा ओळखक्रमांक, टाकतात, अंकसूची उघडते आणि ‘पाचवी बोर्ड पास’ म्हणून गल्लीत पेढे वाटले जातात. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर भागातल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं आता सीबीएसईत आहेत. त्यामुळे या परीक्षेबद्दल आपण जे बोलतो ते बहुतेक ऐकीव असतं: थोडं कामवाल्या मावशींकडून, थोडं शिक्षिका असलेल्या वहिनींकडून, उरलेलं पेपरातल्या चौकटीतून. ऐकीव म्हटलं की मीठमसाला आलाच.

‘पाचवी-आठवीला पुन्हा बोर्ड लागलं’ हे त्यातलं सर्वात लाडकं वाक्य. ज्यांनी स्वतः कधीकाळी पाचवीचं बोर्ड दिलं होतं, ती मंडळी तर ते समाधानानं म्हणतात. प्रत्यक्षात भोपाळचं माध्यमिक शिक्षा मंडळ दहावी-बारावीची परीक्षा घेतं, पाचवी-आठवीशी त्याचा संबंध नाही. ही परीक्षा राज्य शिक्षा केंद्र घेतं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम ३० सांगतं की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईतो कोणत्याही मुलावर बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येणार नाही. ते कलम आजही कायम आहे. म्हणून याला म्हणतात ‘बोर्ड पॅटर्न’. राज्यभर एकच प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका शाळेबाहेर मूल्यांकन केंद्रावर तपासायच्या आणि निकाल पोर्टलवर. २०२१-२२ मध्ये ती सरकारी शाळांपुरती होती. २०२२-२३ पासून राज्याचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या खासगी शाळा आणि नोंदणीकृत मदरसेही तिच्या कक्षेत आले.

मग नापास झालेल्या मुलाचं काय? ‘शाळेतून काढून टाकतात’ अशी भीती वस्त्यांमध्ये खरोखर आहे. तसं करणं बेकायदेशीर आहे. मार्च २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं याच कायद्याचं कलम १६ बदललं. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यावी, अनुत्तीर्ण मुलाला जादा शिकवणी द्यावी, निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी आणि त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही ते राज्यानं ठरवावं, अशी ती तरतूद. मध्य प्रदेशानं वर्गात ठेवण्याचा मार्ग घेतला. पण आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाचं नाव पटावरून काढता येत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. उन्हाळ्यात गावी गेलेलं कुटुंब पुनःपरीक्षेची तारीख हुकवतं, खरं नुकसान तिथे होतं.

आता ज्या समजावर सर्वात जास्त वाद झडतात त्याकडे येतो: ‘मधली दहा वर्षं परीक्षाच नव्हत्या, म्हणून पोरं बिघडली.’ परीक्षा होत्या, उलट भरपूर होत्या. शिक्षणहक्क कायद्याच्या मूळ कलम १६नं नापास करणं थांबवलं होतं, मूल्यमापन नाही. मध्य प्रदेशात २०११ पासून सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाची ‘प्रतिभा पर्व’ नावाची चाचणी होत असे. शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या जनशिक्षकांची धावपळ, तक्ते, श्रेणी, आकडे जनशिक्षा केंद्रातून विकासखंडाच्या बीआरसीकडे आणि तिथून भोपाळला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सरकारी शाळांची मोजणी करणारी राज्यं तेव्हा फार नव्हती.

त्या मोजणीची पुढे स्वतंत्र पडताळणी झाली. अभिजित सिंह या अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासात याच राज्यातल्या मुलांना प्रतिभा पर्वातलेच काही प्रश्न पुन्हा देण्यात आले. मुलं तीच, प्रश्न तेच. फक्त परीक्षक बाहेरचे. गुण धाडकन खाली आले. सरकारी नोंदीत ज्यांना जमलं असं दिसत होतं, त्यांतल्या अनेकांना ते जमत नव्हतं. लक्षात घ्या, या चाचणीत कुणी नापास होणार नव्हतं, म्हणजे मुलांसाठी पणाला लागण्यासारखं काही नव्हतंच. तरीही गुण फुगले. कारण उघड आहे. ज्याच्या कामाची मोजणी, त्याच्याच हाती तराजू दिला होता. कमी गुण भरले तर वरून विचारणा होणार, जास्त भरले तर कुणी काही विचारत नाही. शिक्षक लबाड होते असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. ही गोष्ट इंदूर-भोपाळची एकट्याची नाही. इंग्लंडनं १८६२ साली शाळांचं अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेला बांधलं, तेव्हा मुलं धडे तोंडपाठ करून निरीक्षकासमोर ‘वाचून’ दाखवू लागली. तो प्रयोग गुंडाळायला शतक संपत आलं.

हे ध्यानात घेऊन निकालाच्या टक्केवारीकडे पाहू. पाचवीचा निकाल २०२२-२३ मध्ये ८२.२७ टक्के होता, २०२४-२५ मध्ये ९२.७० झाला. आठवीचा ७६.०९ वरून ९०.०२ वर गेला. ‘बघा, परीक्षा आल्याबरोबर मुलं अभ्यासाला लागली’ असा निष्कर्ष लगेच निघतो. काही मुलं लागलीही असतील. पण आठवीत दोन वर्षांत चौदा टक्क्यांची झेप घेतली ती मुलांनीच, हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. दरवर्षी प्रश्नपत्रिका नवी, तपासणारे नवे आणि पेपर सोपा होता की अवघड हे जुळवून घेण्याची सोय नाही. शिवाय शंभरांतले साठच गुण लेखी वार्षिक परीक्षेचे. वीस अर्धवार्षिकचे आणि वीस प्रोजेक्टचे, म्हणजे चाळीस गुण शाळेच्याच हातून येतात. विषयात उत्तीर्ण व्हायला हवेत तेहतीस टक्के.    ‘पास’ या शब्दावर किती भार टाकायचा ते यावरून कळतं.

वर्षावर्षांची तुलना करता यावी म्हणून वेगळ्या जातीची चाचणी लागते. तिच्यात काही प्रश्न गुप्त ठेवून पुढच्या वेळी पुन्हा वापरतात आणि त्यांच्या आधारे दोन्ही वर्षांचे गुण एका मापावर आणतात. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण या जातीचं. २०१७ आणि २०२१ नंतर ‘परख’ या केंद्राच्या संस्थेनं ते ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीसाठी घेतलं: ७८१ जिल्हे, ७४ हजारांहून अधिक शाळा, सुमारे २१ लाख मुलं. अशा सर्वेक्षणासाठी आपल्या शाळेची निवड झाली तर पालक घाबरून त्या दिवशी मुलाला घरी ठेवतात किंवा शाळाच ‘हुशार मुलांना बसवा’ म्हणते, असं कानावर येतं. दोन्हींत अर्थ नाही. या चाचणीत मुलाला ना गुण मिळतात ना अंकसूची, आणि मुलं शाळेनं निवडायची नसतात. जिल्हा कुठे कच्चा आहे एवढंच शोधायचं असतं. हुशार मुलंच बसवली तर तेवढंही हाती लागत नाही.

‘असर’ अहवालाचा आकडा इंदूरच्या शाळांवर चिकटवण्याची चूकही नेहमीची. ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं आहे आणि शाळेत नव्हे, घरोघरी जाऊन होतं. इंदूर शहर त्यात येतच नाही. तरी त्यातला देशाचा एक आकडा आठवणीत ठेवण्याजोगा आहे: २०२४ मध्ये ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. मध्य प्रदेशातल्या पाचवीच्या निकालाशी त्याची थेट तुलना करू नये. पण पास होणं आणि वाचता येणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, एवढं त्यावरून दिसतं.

पुण्याच्या नातेवाइकांना ‘पाचवीची परीक्षा’ म्हटलं की शिष्यवृत्ती आठवते, हा एक घरगुती घोळ. ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ऐच्छिक स्पर्धा आहे. इथल्या परीक्षेशी तिचं नातं नाही.

शिष्यवृत्तीचाच विषय निघाला आहे तर सरकारी शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी खरोखर पैसे देणारी परीक्षा वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल वस्त्यांमध्ये फारसं कुणी बोलत नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आणि सातवीत ५५ टक्के गुण असले की बसता येतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना गुणांत पाच टक्क्यांची सूट आहे. एक पेपर बौद्धिक क्षमतेचा, दुसरा विषयांचा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात. खासगी शाळेतल्या मुलांना ती नाही, केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांतल्यांनाही नाही. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा किंवा मुलगी सरकारी शाळेत आठवीत असेल, तर ‘बोर्डाचं काय झालं’ हे विचारण्याआधी एनएमएमएसचा फॉर्म भरला का ते विचारा. भरला नसेल तर उत्पन्नाचा दाखला काढायला मदत करा.